बाळीवेस ते अशोक चौक: केबलच्या जुन्या याद्या जुळवताना

सोलापुरातल्या केबलवर कुठल्या वर्षी कुठले चॅनल दिसायचे, याच्या याद्या जुळवण्याचं काम २०२४ च्या ऑगस्टात एकदाचं हातावेगळं केलं. तेव्हापासून चार-पाच जणांनी विचारलं की हे कसं केलंस, आम्हालाही आमच्या भागाचं करायचंय. म्हणून सगळं सलग लिहून काढतेय. काम अवघड नाही, पण कुठून धरायचं तेच सुरुवातीला कळत नाही आणि निम्मा वेळ भलत्याच दारात जातो.

निमित्त झालं डब्याचं. २०२३ ची दिवाळी संपवून ऑफिसात परतलो होतो आणि जेवताना विषय जुन्या टीव्हीवर गेला. माझं माहेर बाळीवेशीतलं, घरात मराठी आणि आजीपुरतं कन्नड. मैत्रीण अशोक चौकाजवळची, पद्मशाली, घरात तेलुगू. ती म्हणाली, "आमच्याकडं तीन नंबरला जेमिनी." मी म्हटलं, "काहीतरीच काय, तीनला झी." रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर, साल तेच, शाळा सुटायची वेळ तीच, आणि दोघींनाही आपापला आकडा छातीठोक पाठ. वाद डब्याबरोबर बंद व्हायला हवा होता. मी तो घरी नेला.

पहिले काही आठवडे नेटवर गेले. तिथं सोलापूरचं काही मिळालं नाही, पण चॅनल कधी सुरू झाले त्या तारखा मिळाल्या आणि त्या पुढं फार कामाला आल्या. १९९१ मध्ये एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार. २ ऑक्टोबर १९९२ ला झी. १९९४ च्या मे महिन्यात स्टारमधून एमटीव्ही बाहेर पडला आणि त्या जागी चॅनल व्ही आला. त्याच वर्षी कन्नड उदया. १९९५ मध्ये सोनी, डिस्कव्हरी, तेलुगू जेमिनी आणि ऑगस्टात ईटीव्ही. १९९६ मध्ये प्राइम स्पोर्ट्सचं नाव स्टार स्पोर्ट्स झालं, होम टीव्ही आला. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, ९ जुलै २००० ला ईटीव्ही मराठी. ३ नोव्हेंबर २००३ ला डीडी मेट्रो गेला आणि त्याच्या जागी डीडी न्यूज. ही तारखांची एक वही मी वेगळी केली. तुम्हीही सगळ्यात आधी तीच करा. मात्र चॅनल सुरू झाल्याची तारीख म्हणजे तुमच्या गल्लीत तो दिसू लागल्याची तारीख नव्हे. "याच्या आधी शक्य नाही" एवढंच ती वही सांगते.

डिसेंबरात वाचनालय गाठलं. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात स्थानिक दैनिकांच्या बांधीव फायली आहेत. आधी अर्ज, मग "कुठलं साल?" हा प्रश्न, मग सुतळीनं बांधलेला गठ्ठा टेबलावर. नव्वदच्या दशकातला कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उलटायचं. मोबाइलनं फोटो काढायची परवानगी पहिल्याच दिवशी मागून ठेवा, फ्लॅश बंद ठेवा, आणि प्रत्येक फोटोत त्या पानाची तारीख येऊ द्या. नुसत्या चौकटीचे फोटो नंतर कशाचे आहेत तेच कळत नाही.

तिथं मिळेल असं वाटलं होतं ते मिळालं नाही. "आजचे कार्यक्रम"च्या चौकटीत आधी फक्त दूरदर्शन, पुढं झी आणि सोनी. केबलची पूर्ण यादी कुठंच नाही, आणि असणार तरी कशी? एका पेठेत एक लाईन, शेजारच्या पेठेत दुसऱ्याची. पेपरवाल्यानं कुणाची छापावी? पण छोट्या जाहिराती कामाच्या निघाल्या. डिश अँटेना आणि बूस्टर विकणाऱ्यांच्या, रंगीत टीव्हीच्या हप्त्यांच्या ("३६ चॅनल मेमरी"), आणि केबलचालकांच्या दरवाढीच्या निवेदनांच्या. रिमोटच्या टीव्हीची जाहिरात आणि चॅनलची संख्या यांचं नातं काय, हे मला तेव्हा उमगलं नाही. जूनमध्ये उमगलं. ते पुढं येईल.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा. यात्रेला बाहेरगावची माणसं घरी येतात, जुने अल्बम निघतात, माळे उघडतात. घरोघरचे कागद मागायला याहून बरा मुहूर्त नाही. मी येईल त्याला विचारत सुटले, "केबलचं जुनं कार्ड आहे का?" नव्या पिढीला कार्ड म्हणजे काय तेही माहीत नाही. वसुलीला येणारा पोरगा महिन्याचे पैसे घेऊन त्या कार्डावर सही ठोकायचा. पोस्टकार्डाएवढं, गुलाबी किंवा पिवळं, समोर बारा महिन्यांचे चौकोन, वर कनेक्शन नंबर. आणि कधी कधी, नशीब असेल तर, मागच्या बाजूला चॅनलची यादी! आमच्या माहेरी १९९७-९८ चं एक सापडलं, आजीच्या औषधांच्या डब्यात. मागं यादी छापलेली, त्यात 'उदया'च्या खाली कुणीतरी निळ्या शाईनं दोन रेघा मारलेल्या. आजीचं असणार, ती दुसरं काही बघायचीच नाही.

याच दिवसांत मैत्रिणीच्या घरी गेले. तिची आई, सगळ्यांची अम्मा, पंचाहत्तरीची. आयुष्यभर विड्या वळल्या. त्यांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट सेट अजून माळ्यावर आहे, लाकडी कपाटातला, शटरचा. मुलानं तो खाली काढून पुसला आणि मी बघतच राहिले. उजव्या बाजूला उभ्या रांगेत आठ बटणं. सात बटणांवरचे आकडे स्पष्ट, तीनचा आकडा पार पुसून गेलेला आणि त्याच्या कडेला काळसर डाग.

"तंबाखूचं बोट लागायचं गं," अम्मा म्हणाली. "मांडीवर सूप, हातात पान. उठून टीव्ही लावायला कोण बसलंय? सूप बाजूला सारलं, बटण दाबलं, परत बसलं. तीनलाच असायचं."

"तीनला काय होतं, मावशी?"

"जेमिनी. आणि काय!"

मैत्रिणीनं माझ्याकडं जे बघितलं ते लिहीत नाही.

शटरच्या आतल्या बाजूला तेलुगूत लिहिलेली यादी चिकटवलेली होती. खालून दुसऱ्या कागदाची कड दिसत होती. अशा वेळी खरवडायचा मोह होतो, तो आवरा. पाणी किंवा वाफही नको, शाई पसरते. आम्ही खोली अंधारी केली, बॅटरी कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. बॉलपेननं जोर देऊन लिहिलेलं असेल तर खालच्या थराचे वळ वर उमटलेले असतात. अम्मानं मोबाइलवर फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली, मी वहीत उतरवली. वरच्या यादीत अल्फा होता, ईटीव्ही मराठी नव्हता. खालच्या यादीत होम टीव्ही होता, अल्फा नव्हता.

इथं तारखांची वही उघडायची. वरची यादी १५ ऑगस्ट १९९९ नंतरची, हे पक्कं. पण "ईटीव्ही मराठी नाही, म्हणजे जुलै २००० च्या आधीची" असं म्हणताना जरा थांबायचं. तेलुगू घरात, आठ बटणांच्या सेटवर, मराठी चॅनल आला तरी त्याला बटण मिळेलच असं नाही. यादीत जे आहे त्यावरून तारीख पक्की ठरते, जे नाही त्यावरून फक्त अंदाज. मी माझ्या तक्त्यात दोन रंग केले, पक्क्याला काळा आणि अंदाजाला हिरवा. शेवटी हिरवाच जास्त झाला, पण निदान कुठला कुठला ते कळतं.

फेब्रुवारीत सरकारी कागदांच्या मागं लागले. कायदा आधी वाचून घेतला, तो वाचाच, छोटा आहे. केबलवर पहिला वटहुकूम सप्टेंबर १९९४ चा, त्याचा कायदा १९९५ मध्ये झाला. तेव्हा केबलचालकानं हेड पोस्टात नोंदणी करायची असायची, दर वर्षी नूतनीकरण, सुरुवातीची फी ५० रुपये. शिवाय करमणूक शुल्क होतं, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ते संपलं. आणि सगळ्यात गंमत कलम ७ ची. महिनाभरात काय काय दाखवलं याची थोडक्यात नोंद असलेली वही चालकानं ठेवायची. हे वाचून मी अक्षरशः उडाले. पुढची ओळ वाचली आणि खाली बसले: ही वही प्रसारणानंतर एक वर्ष जपायची. एक वर्ष! म्हणजे १९९६ ची वही १९९७ मध्ये रद्दीत गेली तरी कुणाला बोल लावता येत नाही.

तरी माहिती अधिकाराचे अर्ज टाकलेच. कधी केलं नसेल त्यांच्यासाठी: राज्य सरकारच्या कार्यालयाला अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की झालं. केंद्राच्या कार्यालयाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, किंवा ऑनलाइन पोर्टलवरून. राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. कालावधी लिहा, कागदाचा प्रकार लिहा, आणि "अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मिळावी" हे वाक्य घाला; पहिल्या तासाच्या पाहणीला पैसे लागत नाहीत. पोच घेऊन ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

उत्तरं मुदतीत आली. एकात लिहिलं होतं, सदर कालावधीतील अभिलेख उपलब्ध नाहीत. दुसऱ्यात थोडं मिळालं: पुढच्या वर्षांतली कनेक्शनची संख्या, भागवार. शुल्क कनेक्शनवर होतं, चॅनलवर नव्हतं, त्यामुळं चॅनलची नावं त्यात असायचं कारणच नव्हतं. हे मला अर्ज करण्याआधी सुचायला हरकत नव्हती म्हणा. अपील केलं नाही. जो कागद मुळात ठेवायचाच नव्हता तो अपिलानं कुठून उगवणार? पण एक उपयोग झाला. भागवार नोंदीमुळं कुठल्या पेठेत लाईन कुणाची होती, ते सापडलं आणि पुढं माणसं शोधता आली.

मार्च महिना आर्थिक वर्षअखेरीत गेला, नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

एप्रिल-मेमध्ये व्हिडिओ कॅसेट. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, संध्याकाळी सातपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, तेव्हा हे घरात बसून करायचं काम बरं. नातेवाइकांकडून पिशवीभर कॅसेट आल्या: लग्नं, मुंजी, आणि टीव्हीवरून टेप केलेले पिक्चर. स्टुडिओवाल्यानं एका कॅसेटचे ४०० रुपये सांगितले. मी त्यापेक्षा नवी पेठेतून दुरुस्त केलेला व्हीसीआर २,२०० ला घेतला, कॉम्प्युटरला जोडायचं कॅप्चर कार्ड १,४०० ला. व्हीसीआरचा पट्टा सैल निघाला, त्याचे आणखी साडेतीनशे. कॅसेट घालण्याआधी झडप उघडून फितीवर पांढरी बुरशी आहे का ते बघा. बुरशीची कॅसेट तशीच घातली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. तसल्या मी सरळ बाजूला ठेवल्या. आणि घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, मध्ये लाईट गेली की पहिल्यापासून.

पिक्चरमध्ये मला रस नव्हता. रस होता कडांमध्ये. रेकॉर्डिंग करणारा जाहिरात आली की पॉज दाबायचा, मग सोडायचा. कधी उशिरा दाबायचा. पिक्चर संपला की कॅसेट उरलेली असायची, मग "काय लागलंय बघ" म्हणून चॅनल बदलून पाच-दहा मिनिटं काहीही टेप व्हायचं. "शरूचं लग्न" असं लेबल असलेल्या एका कॅसेटच्या शेवटी उदयावरची गाणी, त्याला लागून कुठल्यातरी तेलुगू बातम्या, मग स्थानिक केबलवरची दुकानांची जाहिरात, स्थिर पाटी आणि मागं सनई. कोपऱ्यातलं चॅनलचं चिन्ह, जाहिरातीतली "दिवाळी ऑफर", क्रिकेटचा धावफलक, एवढ्यावरून महिना-वर्षापर्यंत पोचता येतं.

पण कॅसेटमध्ये चॅनलचा नंबर उमटत नाही. टीव्हीच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत दिसणारा आकडा टीव्हीचा स्वतःचा असतो, तो टेप होत नाही. म्हणजे कॅसेटवरून कळलं काय दिसायचं आणि कधी. कुठे दिसायचं ते नाही. आणि आमचा मूळ वाद तर 'कुठे'चाच.

त्याचं उत्तर जूनमध्ये मिळालं, पहिला पाऊस पडून गेल्यावर. भागवार नोंदीवरून माग काढत, वसुली करणाऱ्या एका जुन्या पोराकडून (आता त्याचीच मुलगी कॉलेजात आहे) एका काकांचा पत्ता लागला. नव्वदच्या दशकात पूर्व भागात, म्हणजे अशोक चौकाकडं, त्यांची लाईन होती, नंतर विकली. फोनवर जरा सावध वाटले, कशाची चौकशी आहे म्हणून. अशा माणसांकडं जाताना कागदपत्रं मागत जाऊ नका. आपलं गुलाबी कार्ड घेऊन जा. ते हातात दिल्यावर त्यांनी चष्मा लावला, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हे बाळीवेशीचं. आमचं पिवळं होतं."

मी वाद सांगितला. ते हसले. "नंबर आम्ही देतच नव्हतो की वो ताई! आम्ही बँड द्यायचो. नंबर तुमच्या घरातला पोरगा लावायचा."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर. मॉड्युलेटर त्या चॅनलला एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बसवतो, मग सगळे एकत्र करून एका वायरीत सोडायचे. घरातल्या टीव्हीला बटणं आठ असोत की बारा, प्रत्येक बटणामागं एक बारीक चाक असायचं, कप्पा उघडून फिरवायचं. ज्या फ्रिक्वेन्सीवर चित्र आलं तिथं ते सोडायचं. म्हणजे जेमिनी वायरीत कुठंही असो, अम्माच्या मुलानं चाक फिरवून तो तीनला बसवला की तो तीनचा झाला. आमच्याकडं माझ्या भावानं तिथं झी बसवला. यादी एक नव्हतीच. चालकाची एक, आणि घरागणिक दुसरी.

मला वाटलं, मग चालकाच्या यादीला अर्थ काय उरला? काकांनी त्यावरही थांबवलं. जुन्या सेटना व्हीएचएफ या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातल्या २ ते १२ नंबरच्या जागा, एवढ्याच लागायच्या. एस-बँड, म्हणजे या नंबरांच्या मधल्या जादा फ्रिक्वेन्सी, त्यांना दिसायचाच नाही. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर तरी घ्या, नाहीतर नवा रिमोटचा टीव्ही. डिसेंबरात बघितलेल्या त्या "३६ चॅनल मेमरी"च्या जाहिरातींचा अर्थ तेव्हा लागला. म्हणजे गरिबाच्या घरी पोचणाऱ्या जागा अकरा. त्यातही खालच्या फ्रिक्वेन्सीला वायरीत कमी घट, लांबच्या घरातही चित्र स्वच्छ. त्या अकरांत कुणाला बसवायचं आणि कुणाला वर एस-बँडात ढकलायचं, ही चालकाची खरी निवड. १९९५ च्या कायद्यानं दूरदर्शनचे दोन चॅनल सक्तीचे केले, २००० च्या दुरुस्तीनं दोन आणि शिवाय प्रादेशिक भाषेतला एक, तेही प्राइम बँडात, म्हणजे सगळ्या सेटना लागणाऱ्या जागांत. उरलेल्या जागांसाठी मारामारी.

"पूर्व भागात तेलुगू खाली दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी वायर तुटलेली असायची," काका म्हणाले. "आणि इंग्लिश पिक्चरचं चॅनल वर टाकलं तर एकानं तक्रार केली नाही." बाळीवेशीच्या लाईनवर तीच जागा उदयाला होती. माझ्या कार्डावर तो वरून चौथा छापलेला आहे.

त्यांच्याकडं वही नव्हती. एक फोटो होता, गच्चीवरचा, मागं तारीख १९९५. काका तरुण, मिश्या, मागं तीन डिश. हा फोटो मला कुठल्याही कागदापेक्षा मोलाचा वाटतो. एशियासॅट १०५.५ अंश पूर्वेला होता, सोलापूरहून तो आग्नेयेला दिसतो, त्यामुळं स्टार-झीची डिश तिकडं कललेली. सोनी, डिस्कव्हरी पॅस-४ या दुसऱ्या उपग्रहावर, ६८.५ अंशावर, ती डिश दक्षिणेकडून जराशी पश्चिमेला आणि जवळपास आभाळाकडं तोंड करून. फोटोत आग्नेयेची एक ठळक दिसते, दुसरी उंच तोंडाची पॅस-४ ची असावी. तिसरी, काका म्हणाले, तेलुगूसाठी, "ती बसवायला घरातलं सोनं ठेवलं होतं." तुमच्याकडं केबलवाल्याच्या गच्चीचा एखादा फोटो असेल, लग्नाच्या वरातीमागं आला असेल तरी, तर त्या गच्चीवर जाऊन दिशा ताडून बघा. डिश कुणीकडं बघतेय त्यावरून कुठले चॅनल शक्य होते ते कळतं.

जुलैत सगळं एकत्र केलं. एका कागदावर आडवी वर्षं, उभे भाग. २००० नंतरचं सोपं आहे. जुलै २००० मध्ये स्टार प्लसनं हिंदीचा धडाका लावला, रिमोटचे टीव्ही घरोघर पोचले, आणि पेठापेठांतला फरक पुसट होत गेला. २००७-०८ मध्ये मराठी बातम्यांचे चॅनल आले, नोव्हेंबर २००८ ला स्टार प्रवाह. ही वर्षं मी भराभर भरली, त्यात शोधण्यासारखं फार नाही. मग सेट टॉप बॉक्स. केबल सक्तीनं डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३. बॉक्स आला आणि चाक फिरवून बसवायचा नंबर गेला. एका चालकाच्या सगळ्या घरांत एकच आकडा, रिमोटवर तीन अंकी. अम्माच्या घरी आता जेमिनी कितीला लागतो ते मैत्रिणीलाही सांगता येईना, ती नावानं शोधते.

खर्चाचं विचारतात म्हणून: व्हीसीआर, कार्ड, पट्टा, साफसफाईचं सामान, झेरॉक्स, अर्ज आणि रजिस्टर पोस्ट धरून साडेपाच हजारांच्या आत. रिक्षा वेगळी. व्हीसीआर अजून चालू आहे, सोलापुरातल्या कुणाला कॅसेट उतरवायच्या असतील तर नेऊ शकता, बुरशीच्या सोडून.

तक्त्यात मोकळे चौकोन बरेच आहेत. १९९२ ते ९४ जवळजवळ कोरं आहे. तेव्हा कार्डं छापायची पद्धत आमच्याकडं तरी दिसत नाही, तोंडी हिशोब. लष्कर आणि विजापूर वेशीच्या बाजूचा एकही कागद मिळाला नाही. जुळे सोलापुरात केबल पोचली तीच उशिरा, तिथल्या याद्या २००० च्या पुढच्याच आहेत. कुणाच्या टीव्हीच्या कपाटात, शिलाई मशीनच्या खणात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये असलं काही असेल तर मूळ कागद देऊ नका, दोन्ही बाजूंचा फोटो पुरे. सोबत तेव्हा तुम्ही कुठल्या गल्लीत राहायचा आणि टीव्हीला किती बटणं होती, एवढं मात्र कळवा.